नकाशावरची हळद

वस्तीत आरोग्याचं काम करणाऱ्या बायकोला आणायला तिथल्या समाजमंदिरात गेलो आणि थेट नकाशावर पाय दिला. जमिनीवर रांगोळीने काढलेली अख्खी वस्ती होती ती. "अहो साहेब, मुन्शिपालटीला जमलं नाही, तुम्ही एका पायात आमची गल्ली पाडलीत!" बायका हसल्या. मी बूट हातात घेऊन भिंतीला चिकटलो.

वस्तीत टीबी कुठे कुठे आहे, हे त्या स्वतःच शोधत होत्या. घरात आजार असेल तर जिने तिने नकाशातल्या आपल्या घरावर हळदीची चिमूट ठेवायची. पण हात कुणाचाच उठेना. शेवटी शोभाताई उठल्या.

"अगं, पोरीचं लग्न ठरलंय तुझ्या," शेजारीण कुजबुजली.

"म्हणून ह्यांचा खोकला थांबतोय होय?" म्हणत त्यांनी आपल्या घरावर हळद ठेवली.

एवढीशी पिवळी चिमूट, पण मला श्वासही जपून घ्यावासा वाटला. आजार लपवायला प्रत्येक घराला दार असतं. ते आतून उघडायला केवढं बळ लागत असेल! मग समोरची एक बाई गुडघ्यावर हात टेकत उठली, तिनेही आपल्या घरावर चिमूट ठेवली. हळूहळू रांगोळी पिवळी होत गेली.

परतताना मी शोभाताईंचंच कौतुक करत होतो.

बायको म्हणाली, "आणि त्यांच्या मागोमाग गुडघ्यावर हात टेकत उठल्या त्या बाई कोण, ठाऊक आहे? त्यांची होणारी विहीण."