शंका घ्यायला आलेला माणूस

मंडळी, माझी बायको सुनंदा दोन महिन्यांपूर्वी गेली. तिच्या विम्याचा क्लेम खरा आहे का, हे बघायला आज दुपारी कंपनीचा माणूस गंगापूर रोडच्या आमच्या फ्लॅटवर आला.

बसल्या बसल्या म्हणाला, "काका, राग मानू नका, पण सांगावं लागतं. खोटा क्लेम केला तर फसवणुकीचा गुन्हा होतो. जेलसुद्धा होते."

मी भडकलोच. "मग काय, नाटक करतोय का मी?"

त्यानं शांतपणे विचारायला सुरुवात केली. काकू गेल्या त्या सकाळी काय बोलल्या? काय खाल्लं? सुनंदानं उपासाची भगर अर्धीच खाल्ली होती, हेही त्यानं लिहून घेतलं. तासभर मी बोलत होतो. एवढं आजवर कोणीच विचारलं नव्हतं.

निघताना म्हणाला, "काका, आता माझी काहीच शंका नाही."

खरं सांगू? एखादी राहायला हवी होती.