रिकाम्या गाडीची सवय

लिहिण्याचा मला काही अधिकार नाही, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नाही, आणि मी चढलो ती मशीन शिकायला, लेख लिहायला नव्हे. घर सोडण्याबद्दल बोलावं अशी माणसं आमच्या गावात पुष्कळ आहेत. कुणी हैदराबादेत विटा वाहतं, कुणी मुंबईत वॉचमन आहे. त्यांच्यापुढे उदगीरहून आधी नांदेडला आणि मग पुण्याला शिकायला गेलेल्या मुलानं तोंड उघडावं, हे जरा आगाऊपणाचंच आहे. तरी लिहितो. प्रज्ञाताईच्या गाडीबद्दल कुणीतरी लिहायला पाहिजे आणि ती स्वतः लिहिणार नाही. गावात राहिलेल्यांनी आणि बाहेर पडलेल्यांनी, दोघांनीही सांभाळून घ्यावं.

मी निघालो तेव्हा दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. बाबा उदगीरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, हमाली करतात. त्या वर्षी मोंढ्यात माल कमी आणि हमाल जास्त, त्यामुळे मला बसस्थानकावर सोडायला ते दिवसाउजेडी येऊ शकले. माझ्याकडे एक बॅग होती. मायच्या हातात पाण्यानं भरलेला पाच लिटरचा कॅन होता. मी नको नको म्हणत होतो, कारण ते पाणी कुठून आलं होतं ते मला माहीत होतं.

बाबा हसत म्हणाले, "बरं झालं. घरातलं एक तोंड कमी झालं. रोजची एक घागर वाचली."

"काय बोलून राहिले!" माय त्यांच्यावर डाफरली. "पोरगं चाललंय की."

"जाऊ दे की. शिकून येऊ दे. तवर उदगीर जिल्हा होतंय. मग हितंच खुर्ची बघू त्याला."

उदगीर जिल्हा होणार हे मी कळत्या वयापासून ऐकत आलो आहे. बाबांच्या तोंडी ते वाक्य पाऊस येणार या वाक्याच्या शेजारीच असायचं. बस हलली तेव्हा मायनं खिडकीतून कॅन आत ढकलला. अहमदपूर गेलं, लोहा गेलं, मी तो दोन्ही पायांमध्ये धरून बसलो आणि तहान लागूनही झाकण उघडलं नाही.

नांदेडला मी माझ्या आत्याकडे राहणार होतो. शहराच्या कडेला तिचं दोन खोल्यांचं घर. तिचे यजमान वारलेले. ती आणि तिची मुलगी प्रज्ञाताई, एवढीच माणसं. आत्यानं माझ्या हातातून कॅन घेतला, आधी स्वतः एक घोट प्यायली आणि उरलेलं माठात ओतलं. "माहेरचं हाय," एवढंच म्हणाली.

मला झोपायला जी जागा मिळाली ती पाहून मी बुचकळ्यात पडलो. भिंतीला टेकवून गाडीची मागची सीट ठेवली होती. अख्खी सीट, राखाडी कापडाची. प्रज्ञाताई म्हणाली, "पसर हितंच. गाडीत तिचं काम न्हाई सध्या."

प्रज्ञाताई लोह्याजवळच्या एका आरोग्य केंद्रात नर्स होती आणि जुन्या, पांढऱ्या, छोट्या गाडीतून रोज जाऊन येऊन ड्यूटी करायची. आमच्या वसाहतीतले बोर आटले होते. ड्यूटीच्या वाटेवर एका शेतकऱ्याच्या बोरला अजून पाणी होतं. त्याच्या सुनेचं बाळंतपण प्रज्ञाताईनं केलेलं, म्हणून तो तिला कॅन भरू द्यायचा. त्यासाठीच मागची सीट काढून तिथं मोठे कॅन दोरीनं आवळून बांधलेले असत. सीटचे बोल्ट आत्याच्या जुन्या मिसळणाच्या डब्यात, हळदीच्या वाटीत ठेवलेले. लोक गाड्या धुतात. आमची गाडी पाणी वाहायची आणि स्वतः धुळीनं माखलेली असायची. पुढे डिप्लोमाची सगळी वर्षं मी त्या सीटवर झोपलो आणि त्या सीटवरच अभ्यास केला.

शेवटच्या वर्षाचा उन्हाळा होता. हवा भरायच्या दुकानात प्रज्ञाताईनं एक पत्रक पाहिलं. नांदेडच्या काही हौशी मंडळींनी गाड्यांची शर्यत ठेवली होती. लोह्याकडचा एक तलाव पार कोरडा पडला होता, त्याच्या सपाट तळावर. एकावेळी एकच गाडी सोडायची, रस्त्याच्या कामावर असतात तसले नारिंगी कोन मांडून आखलेल्या वळणावळणाच्या वाटेनं ती न्यायची, घड्याळ लावायचं. कोन पडला की वेळ वाढणार. रोजच्या वापरातल्या गाड्यांसाठी वेगळा गट होता.

तिनं जेवताना विषय काढला. आत्याचा घास हातातच राहिला.

"शर्यत? बैलाची का?"

"गाडीची, आई. आपल्या गाडीची."

"आन् मोडली म्हंजे? लोह्याहून पाणी डोक्यावर आणणार का तू?"

 त्यावर प्रज्ञाताई जे म्हणाली ते मी विसरलेलो नाही. "आई, गाडी शिकले तवापासून सगळे मला एकच सांगतेत, हळू चालव. पाणी हाय, हळू. पेशंट हाय, हळू. बाईमाणूस हायस, हळू. मला येकदा घड्याळाला विचारायचंय, मला कितपत येतं ते."

आत्यानं ताट बाजूला सारलं. "जशी नेशील तशी आणायची. सोमवारी ड्यूटी हाय, पाणी हाय. बोल्ट बी कमी झालेला चालायचा न्हाई मला."

मी मेकॅनिकलचा विद्यार्थी. मला वाटलं, आता माझं काम सुरू झालं. स्प्रिंगा कापून गाडी खाली बसवू, सायलेन्सर मोकळा करू, असं मी उत्साहानं बोलत सुटलो. प्रज्ञाताईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सिद्धू, जे परत बसवता येतं तेवढंच काढायचं."

तोच आमचा नियम झाला. कापायचं नाही, जाळायचं नाही, नुसतं उघडायचं आणि जपून ठेवायचं. ब्रेकचे पॅड नवे टाकले, ब्रेक ऑइल बदललं. एअर फिल्टर झटकला तर त्यातून लोह्याच्या रस्त्याची मूठभर माती निघाली. बॅटरी हलू नये म्हणून पट्टी आवळली. चाकांचे नट एकेक करून तपासले. प्रज्ञाताई बुटकी, ती उशी घेऊन गाडी चालवायची. पण शर्यतीत गाडीत सुटं काही ठेवायचं नव्हतं, तेव्हा आत्यानं तोंड वाकडं करत ती उशी सीटच्या कव्हरला दाभणानं शिवून दिली. शिवता शिवता म्हणाली, "दवाखान्यात टाके घालती आन् घरचे मला घालाय लावती." पाण्याचे कॅन, स्टेपनी, जॅक, मॅट, मागची फळी हे सगळं शर्यतीच्या सकाळी काढायचं ठरलं. ज्याचे त्याचे स्क्रू मिसळणाच्या डब्यात जाणार: मोहरीच्या वाटीत फळीचे, जिऱ्याच्या वाटीत मॅटच्या पट्ट्यांचे.

सराव त्या बोरवाल्याच्या पडीक रानात व्हायचा. लाईट कधी जाईल याचा भरवसा नसे, म्हणून आधी कॅन भरून घ्यायचे आणि मग रानात दगड मांडून त्यांच्यामधून गाडी काढायची. मी दगडांजवळ उभा राहायचो. महिना गेला तशी ती गाडी प्रज्ञाताईच्या अंगाचाच भाग वाटायला लागली. वळणाच्या आधी तिचा पाय कधी उचलला जातो ते मला आवाजावरून कळायचं. एकही दगड हलायचा नाही. मी इतकं नेटकं काम कुणाचं पाहिलं नव्हतं, आणि ते ती ड्यूटी करून आल्यावर, युनिफॉर्मवरच करायची.

शर्यतीच्या दिवशी तलावाच्या भरावावर आजूबाजूच्या गावांतले लोक छत्र्या आणि पंचे डोक्यावर घेऊन बसले होते. धूळ बसवायला पाणी मारायचं का, असं कुणी चेष्टेतसुद्धा विचारलं नाही. एक गाडी गेली की धूळ खाली बसेपर्यंत सगळे गुमान थांबत, मग दुसरी सुटे. प्रज्ञाताईचा नंबर आला तेव्हा भरावावरून एकजण ओरडला, "सिस्टर, ब्रेक उजव्या पायानं दाबतेत बरं का!"

काच खाली करून ती म्हणाली, "इंजेक्शन कुठं देतेत ते बी ठाऊक हाय मला. या खाली."

भराव हसला. झेंडा पडला. आणि पहिल्याच वळणावर गाडीची मागची बाजू सटकली. ती सावरली तोवर पुढच्या वळणावर पुन्हा तेच. कोन आडवे होत गेले. प्रज्ञाताई परत आली तेव्हा तिचं तोंड उतरलं होतं.

"सिद्धू, ही आपली गाडी न्हाई."

मी गाडीभोवती फिरलो. सगळं जागच्या जागी होतं. मग मागच्या रिकाम्या जागेकडे नजर गेली आणि लक्षात आलं. दुष्काळ लागल्यापासून ही गाडी मागच्या भाराशिवाय ताईनं जोरात कधी हाकलीच नव्हती. सकाळी जाताना रिकामी असायची, पण तेव्हा ती रस्त्यानं सरळ जायची. सरावात प्रत्येक वेळी मागे पाणी होतं. हलकी गाडी पळते हे आम्ही वाचलं होतं, पण हलकी गाडी कशी वागते हे पाहायला आधी पाणी ओतून द्यावं लागलं असतं, आणि ते आम्हा दोघांच्याही मनात कधी आलं नाही.

कॅन परत ठेवायची परवानगी मिळणं शक्य नव्हतं. तीन फेऱ्यांतली सगळ्यात चांगली वेळ धरणार होते. दुसऱ्या फेरीत तिनं एकही कोन पाडला नाही, पण गाडी इतकी जपून नेली की भरावावरून कुणीतरी म्हणालं, "हळू, सिस्टर, पाणी सांडंल!" तो चेष्टेनं म्हणाला असेल, तिच्या डोळ्यांत मात्र टचकन पाणी आलं. घड्याळाला विचारायला आली होती आणि घड्याळानंही सगळ्यांचंच उत्तर दिलं होतं.

मग तिनं चपला काढून हातात घेतल्या आणि भेगाळलेल्या मातीवरून ती सबंध वाट पायी चालून आली. प्रत्येक वळणावर थांबली, पायानं माती चाचपली. परत येऊन म्हणाली, "मागच्या चाकातली हवा जरा सोड. आन् ब्रेक मी सरळ रेघेतच मारते, वळताना पाय लावत न्हाई. मागं काही न्हाई हे डोक्यात ठिवूनच चालवायचं."

तिसरी फेरी मला आजही जशीच्या तशी दिसते. वळणाच्या बऱ्याच आधी ब्रेक, मग गाडीचं नाक आत, आणि ते वळलं की दाबलेला पाय. मागची बाजू एकदा सटकायला आली; ती घाबरली नाही, पाय तसाच ठेवला आणि गाडी आपसूक सरळ झाली. सगळे कोन उभे. धूळ खाली बसली आणि भरावावर टाळ्या सुरू झाल्या. ब्रेकवरून बोलणारा तो माणूस उभा राहून वाजवत होता.

तिचा नंबर चौथा आला. बक्षिसं तिघांनाच होती. मी हळहळलो. ती फळ्यावरची स्वतःची वेळ बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "लिहिलंय ती वेळ खरी हाय ना? मग कळलं मला. पुढच्या वर्षी रिकाम्या गाडीची सवय करून येते."

संध्याकाळी आत्यानं डब्यातल्या वाट्या पाहिल्या. बोल्ट फक्त हळदीच्या वाटीत उरले होते, बाकी सगळं आपापल्या जागी परत गेलं होतं. सोमवारी गाडी पाणी घेऊन आली.

त्या पावसाळ्याच्या सुरुवातीला मला पुण्यात डिग्रीला प्रवेश मिळाला. इथं होस्टेलचा नळ दिवसभर चालतो. पहिले काही दिवस मी मुलांनी उघडे ठेवलेले नळ बंद करत फिरायचो. ते मला हसायचे, आता मीही कधीकधी विसरतो. इथं कुणी हळू म्हणत नाही, कुणी डाफरत नाही. वर्गात बोलायला उभा राहिलो की मागून काहीतरी सटकल्यासारखं व्हायचं. अशा वेळी मला तिसरी फेरी आठवते. घर म्हणजे काय असं कुणी विचारलं तर मला नीट सांगता येणार नाही. परत बसवता येईल असंच काढून मी निघालो होतो, एवढं खरं.

मराठवाड्यात पाऊस झाल्याचं इथं पेपरात वाचलं, पण घरून काही कळेना. टॉवर पडला होता म्हणे. बाबांचा फोन लागत नव्हता, आत्याचाही नाही. शेवटी एका दुपारी प्रज्ञाताईचा फोन आला.

"तलाव भरला, सिद्धू. कोन मांडले होते तिथं आता म्हशी पवून राहिल्यात. पुढची शर्यत न्हाई."

"वाईट वाटलं का, ताई?"

"वाटलं की. लई वाटलं. येवढी शिकले, आता कुठं हाकलू?" आणि ती मोठ्यानं हसली. "तुझी सीट बसवली गाडीत. बोल्ट सगळे निघाले हळदीत. आता उदगीरला आले, मामा-मामीला फिरवून राहिले. जिल्हा काय झाला न्हाई अजून, मामा म्हणतेत होईल. थांब, मामीला देते. मागं बसलीय."

फोनमध्ये वारा घोंगावला. मग मायचा आवाज आला, जरा वर चढलेला, गाडीत बसून बोलायची सवय नसल्यासारखा.

"सिद्धू, तुझ्या जागेवर बसलेय रे. पोरगी लई झकास चालवती. मी न्हाई म्हणले तिला हळू."