पाचव्या प्रकरणाखालची नावं

पत्रक लिहायला मी सतराव्या वर्षी शिकले. शिकवणारे आमच्या संघटनेतले एक दादा होते, नगरपालिकेत कामाला. त्यांचे नियम तीनच. पहिली ओळ अशी पाहिजे की टपरीवरचा माणूस हातातला कप खाली ठेवेल. मधे मागण्या, त्याही पाचाच्या वर नाहीत, कारण सहावी कोणी वाचत नाही. आणि खाली नावं. नावांच्या बाबतीत ते फार कडक होते. ज्याच्या खाली नाव नाही ते पत्रक नाही, ती भिंतीवरची चिठ्ठी आहे, असं म्हणायचे. मग आम्ही 'निवेदक' असं लिहून वस्तीतल्या वीस-वीस माणसांची नावं छापायचो. नालीसाठी, वसतिगृहाच्या जेवणासाठी, बसथांब्यावरच्या शेडसाठी.

सौंसरच्या आमच्या वस्तीत पत्रक वाचायची एक रीत आहे. विहारासमोर एक जण मोठ्यानं वाचतो, बाकीचे ऐकतात. वाचणाऱ्यानं शेवटच्या नावापर्यंत वाचायचंच. मधे थांबला तर ज्यांची नावं राहिली ते आठ-आठ दिवस त्याच्याशी बोलत नाहीत. मागण्या चुकल्या तर चालतात, नाव सुटलेलं चालत नाही. ही रीत मला इतकी अंगवळणी पडली होती की ती रीत आहे हेही मी विसरले होते.

कादंबरी लिहायचं मी कोणाला विचारून ठरवलं नाही. संत्र्याच्या बगीच्यात छटाईला, म्हणजे तोडलेला माल निवडायला, जाणाऱ्या बायांवर लिहायचं एवढं पक्कं होतं. आमच्या वस्तीतल्या निम्म्या बाया बहार लागला की त्याच कामाला जातात. पहिली तीन प्रकरणं मी एका प्रकाशकाकडे पाठवली. सहा महिन्यांनी उत्तर आलं की विषय चांगला आहे, पण मध्य प्रदेशातल्या मराठीला वाचक कुठून आणायचा. माझं डोकं फिरलं. आमच्याकडची संत्री नागपुरी म्हणून देशभर विकलेली चालतात, ती निवडणाऱ्या बाईची मराठी मात्र परप्रांताची होते. असं मी त्यांना लिहून कळवलंही. त्याचं उत्तर आलं नाही.

मग ब्लॉग काढला. मी पांढुर्ण्यात एका टायपिंग-झेरॉक्सच्या दुकानात कामाला आहे. सौंसरहून रोज बसनं जाते. शनिवारी मारुतीच्या दर्शनाला जाणाऱ्यांमुळे जामसावळीच्या फाट्यापर्यंत बसमध्ये उभं राहायला जागा नसते, बाकीच्या दिवशी खिडकी मिळते आणि थोडं सुचतंही. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी प्रकरण टाइप करायची. दर सोमवारी एक टाकायचं असं ठरवलं होतं.

वाचक म्हणजे पहिल्यांदा मी आणि माझा भाऊ. नंतर अमरावतीचे एक निवृत्त गुरुजी आले. ते प्रत्येक प्रकरणाखाली एकच शब्द लिहायचे: "पुढे?" छान नाही, वाईट नाही, नुसतं पुढे. आणखी एकानं लिहिलं की मॅडम, तुमच्याकडे सध्या संत्रा काय भाव चालू आहे. पुण्याच्या एका गृहस्थांनी भाषा थोडी शुद्ध करा असा सल्ला दिला, त्यांना मी पाच मुद्द्यांचं उत्तर दिलं. ते परत फिरकले नाहीत. वाचक जोडायची ही पद्धत नव्हे, हे मला तेव्हा कोणी सांगायला पाहिजे होतं. सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं.

माझे खरे वाचक कुठे बसले होते ते मला ठाऊकच नव्हतं. वस्तीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी लिंक टाकायची. आमच्या घराच्या दोन घरं पलीकडे एक मावशी राहतात. नात्यानं मावशी नाहीत, पण माझ्या आईला बाळंतपणात त्यांनीच पाहिलं, म्हणून मावशी. त्यांची सून त्यांच्यासोबत छटाईला जाते. ती सून दुपारच्या सुट्टीत डबा खाऊन झाला की मोबाइलवर माझं प्रकरण मोठ्यानं वाचायची आणि दहा-बारा बाया झाडाखाली बसून ऐकायच्या. आपल्या वस्तीतल्या बाया, शेतकऱ्यांच्या घरच्या बाया, सगळ्याच. आणि थोडा बाजूला खुर्ची टाकून व्यापाऱ्याचा मुनीमही ऐकायचा. एका सोमवारी नेटवर्क नव्हतं म्हणून वाचन झालं नाही, तर म्हणे तोच अस्वस्थ झाला. सुनेला विचारत होता की त्या बाईचं पुढं काय झालं. हे मला सून हसत सांगायची. मलाही बरं वाटायचं. ज्यांच्याविरुद्ध लिहिते तेही ऐकून राहिले, म्हणजे लिखाणात दम आहे असं मी स्वतःला सांगितलं.

तोवर मुनीम कादंबरीत आलेला नव्हता. पाचव्या प्रकरणात आला.

त्याचं कारण मावशी. पौर्णिमेच्या खिरीसाठी विहारात तांदूळ निवडत बसलो होतो, तेव्हा त्यांनी बगीच्यातल्या पाण्याच्या ड्रमची गोष्ट काढली. ड्रम सगळ्यांसाठी एकच. शेतकऱ्यांच्या घरच्या बाया त्यात गिलास बुडवून घेतात. आमच्या बाया गेल्या की मुनीम स्वतः उठतो, हसतमुखानं मगमध्ये पाणी घेतो आणि वरून ओंजळीत सोडतो. बसा बसा, मी देतो, म्हणतो. दिसायला सेवा. माझ्या हातातले तांदूळ तिथेच राहिले. मावशी पुढे काही सांगत होत्या, पण मी उठले. पत्रकवाल्याला एवढं पुरतं. अन्याय कळला, की बाकीचं आपल्याला येतंच.

त्या सोमवारचं प्रकरण मी एका बैठकीत लिहिलं. माझी नायिका ड्रमला लाथ मारते, पाणी सगळ्या संत्र्यांवर सांडतं, आणि ती मुनिमाला दीड पान ऐकवते. भाषण चांगलं होतं, हे मी आजही म्हणेन. त्यात संविधान होतं, संत्र्याच्या साली होत्या, मुनिमाच्या सुटलेल्या पोटाचाही उल्लेख होता. आणि शेवटी, मान द्यावा म्हणून, मी खाली ओळ टाकली: ही हकीकत सांगणाऱ्या. पुढे मावशींचं पूर्ण नाव, वस्तीसकट. त्यांना विचारलं नाही. विचारायचं असतं हे माझ्या मनातही आलं नाही. आमच्यात नाव टाकणं म्हणजे हार घालणं.

सुनेनं ते दुपारी वाचलं. ती आमच्याच वस्तीतली, त्यामुळे रीतीप्रमाणे शेवटच्या नावापर्यंत वाचलं. सासूचं नाव आलं तेव्हा तिनं आवाज जरा वाढवलाही. बायांनी मावशीकडे पाहिलं, काही हसल्या, एकीनं टाळी वाजवली. मुनीम खुर्चीवरून उठला आणि गाडीकडे चालता झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायांना नेणारा टेम्पो आमच्या कोपऱ्यावर थांबला, सून चढली, मावशी चढायला लागल्या तर ड्रायव्हर म्हणाला की यादीत तुमचं नाव नाही. मावशी डबा घेऊन घरी परत आल्या. मृगाचा बहार ऐन जोरात होता. तो संपला की दिवाळीपर्यंत दुसरं काम नसतं.

मला हे पांढुर्ण्यात कळलं, सुनेच्या फोनवर. मी दुकानातच पत्रक लिहायला घेतलं. पहिली ओळ तयार होती. दादांना फोन केला, ते म्हणाले की कायद्यानं गुन्हा आहे, आपण सोडायचं नाही, पण आधी बाईंशी बोल. मी छापील मजकूर पिशवीत घालूनच संध्याकाळच्या बसनं सौंसरला उतरले आणि सरळ मावशीच्या घरी गेले.

मावशी अंगणातले वाळलेले कपडे काढत होत्या. मी पत्रक वाचायला सुरुवात केली. त्यांनी दोन ओळी ऐकल्या आणि मला खाली बसायला सांगितलं.

"मी कवा लाथ मारली वं?" त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, ती तुम्ही नाही, ती कादंबरीतली बाई आहे.

"मंग खाली माहं नाव काऊन हाय?"

दादांनी शिकवलेलं सगळं आठवून पाहिलं, त्यात हे कुठे नव्हतं. मी म्हटलं की मान म्हणून. त्या कपड्यांच्या घड्या घालत राहिल्या. त्यांचं म्हणणं शांत होतं, आणि त्यामुळेच मला ते जड गेलं. त्या म्हणाल्या की मुनिमाला वाटलं मी घरी जाऊन असं सांगते, त्याला पोटल्या म्हणते, ड्रम लाथाडला म्हणते. त्यानं ऐकलं ते खोटं होतं, हे त्यालाही माहीत आहे. आता मी खरं सांगितलं तरी खोटंच ठरते.

"पत्रक काढायचं अशीन तं काढ. मले इचारून काढ, मी नाव देईन, अंगठा नाही, सही करीन. पन जे झालंच नाही त्याच्याखाली माहं नाव नोको."

मी विचारलं, मग झालं काय होतं?

"थेच तं सांगून राहिली होती त्या दिवशी. तू उठून पळाली."

मग त्यांनी सांगितलं. त्यांनी मुनिमाला कधीच काही म्हटलं नाही. एक दिवस घरून गोडेतेलाची रिकामी कॅन धुऊन, भरून नेली, पाच लिटरची. तिला पोतं गुंडाळलं, पोतं ओलं केलं आणि झाडाखाली ठेवली. त्या दिवसापासून ओंजळ पुढे केली नाही. मुनिमानं दोनदा हाक मारली की मावशी, पाणी घ्या. आहे माझ्याकडे, एवढंच त्या म्हणाल्या. आमच्या वस्तीतल्या बाकीच्या बायाही त्याच कॅनमधून प्यायला लागल्या. मग फाल्गुन सरला, ऊन वाढलं, उन्हातला ड्रम चहासारखा तापायला लागला. पलीकडच्या शेतकऱ्याच्या घरच्या एका बाईनं विचारलं की मावशी, तुमचं पाणी असं थंड कसं, काय टाकता? काही नाही, पोतं ओलं आहे. ती बाई आपला गिलास घेऊन आली. दुसऱ्या दिवशी आणखी दोघी आल्या. कॅन दुपारपर्यंत पुरेना, म्हणून सून दुसरी न्यायला लागली.

"अन् मुनीम?" मी विचारलं.

"तो ड्रमचंच पेते. गरम."

मला हसू आलं, त्यांना आलं नाही. त्यांच्या कामाचा प्रश्न होता.

मी घरी जाऊन पहिल्यांदा त्यांचं नाव काढलं. मग प्रकरणच उतरवून ठेवलं. त्या जागी एक ओळ टाकली की यातली हकीकत मी नीट ऐकली नव्हती, पुन्हा लिहीत आहे. आयुष्यात मी छापलेलं काही मागे घ्यायची ती पहिली वेळ. दादांना सांगितलं तर ते म्हणाले, पत्रक ठेव, फेकू नको. गुरुजींनी त्या एका ओळीखालीही लिहिलं: "पुढे?"

मावशी तीन आठवडे घरी होत्या. मधे लोधीखेड्याकडच्या एका लहान बगीच्यात चार दिवस मिळाले, तेवढेच. मी रोज संध्याकाळी त्यांच्या अंगणात जाऊन प्रकरण वाचायची. पहिल्या खेपेला त्यांनी मला कॅनच्या रंगावर अडवलं. दुसऱ्या खेपेला म्हणाल्या की पोतं गुंडाळताना मी असा विचार केला नव्हता, विचार तू घालून राहिली. तो परिच्छेद गेला. मुनिमाचं पोटही गेलं, कारण त्यांच्या मते तो तसा वाईट दिसत नाही. मला भांडायचं होतं. ड्रमचं काय, मी म्हटलं, तो तर तसाच आहे. त्या म्हणाल्या, आहे ना, मग लिही की आहे. तिसरा आठवडा संपत आला तेव्हा कुठे त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि तांदळातला खडा बाजूला टाकावा तशी मान हलवली. ठीक आहे, टाक.

पण मी टाकायच्या आधीच टेम्पो आला. बहाराचे शेवटचे दिवस, माल झाडावर पिवळा होऊन राहिलेला, हात कमी पडत होते. ड्रायव्हरनं कोपऱ्यावर हॉर्न वाजवून सांगितलं की मावशींनाही बोलावलं आहे. मी म्हटलं, आता दहा दिवस थांबते, बहार संपला की टाकते. प्रकरणात मुनीम आहे, ड्रम आहे, ओंजळ आहे. पुन्हा यादीतून नाव जायचं.

मावशी म्हणाल्या, सोमवारी टाकतेस ना, मग सोमवारी टाक. सून नेहमीसारखी वाचेल, तो बसला असला तरी.

मी विचारलं, आणि काढलं कामावरून तर?

"मंग पत्रक हाय ना तुह्याजवळ. मी सही करीन म्हटलं ना."

सोमवारी दुपारी मी पांढुर्ण्यात दुकानात बसून होते. एक माणूस जातीच्या दाखल्याची झेरॉक्स मागत होता, त्याला मी दोनदा चुकीची बाजू काढून दिली. फोन आला नाही. संध्याकाळी बसमधून उतरून मी मावशीच्या घरी गेले, तर त्या नुकत्याच कामावरून आल्या होत्या, पाय धुत होत्या. दोन्ही कॅन ओट्यावर उपड्या ठेवल्या होत्या.

सुनेनं सगळं वाचलं, त्यांनी सांगितलं. मुनीम खुर्चीवरच होता. ओंजळीचा भाग आला तेव्हा बाया खाली पाहायला लागल्या, सून वाचत राहिली. पोत्याचा भाग आला, गिलास घेऊन येणाऱ्या बाईचा आला, तेव्हा ती बाई म्हणाली की ही मीच आहे, आणि सगळ्या हसल्या. शेवट झाला. सून सवयीनं खाली नाव शोधत राहिली. नाव नव्हतं.

"मंग तो काय बोलला?"

"म्हणे, उठा, गाडी भरायची हाय."

"बस?"

"बस. उद्याच्याले यायचं म्हणे सगळ्याईनं." मावशींनी पदराला हात पुसले. "पन उठला नाही मधात. पुरं आयकलं त्यानं."