उषाची लोखंडी सायकल

आमच्या कुरुंद्यात सायकल घेणं ही काय सांगायची गोष्ट न्हाई. पण माझी लेक उषा म्हणाली, "मला सायकलवर कोकणात जाऊन समुद्र बघायचाय," आन् तवापासून घरात हळदीच्या पोत्यांपेक्षा किस्सेच जास्त साठले. पोरगी आता सुखरूप आत घोरून राहिली, म्हणून सांगते. आधी सांगायला बसले असते तर रडूच आलं असतं.

*

उषाचा बाप पयल्या दिवसापासून उलटा. "एवढ्या लांब पोरगी सायकलवर? रस्त्यात काही झालं तर?"

मी म्हटलं, "दोन मैत्रिणी हायेत संगं. आन् सायकल चांगली दणकट बघून घेऊ."

"मी दुकानात येणार न्हाई!"

"बोलावलंय कोणी?"

*

मायलेकी नांदेडच्या मोठ्या दुकानात गेलो. दुकानदारानं एक चकचकीत सायकल एका हातानं वर उचलली. "मावशी, अॅल्युमिनियम! बघा, किती हलकी!"

मी म्हटलं, "बाबा, हिला आमी उचलायचं न्हाई. हिनं आमच्या पोरीला उचलायचंय!"

उषा म्हणाली, "स्टीलची दाखवा. काही झालं तर कोणत्याबी गावात वेल्डिंगवाला भेटतो."

*

आमच्याकडं साधी बाज घेतली तरी आधी घरातलं सगळ्यात जड माणूस तिच्यावर बसून बघतं. दुकानात सगळ्यात जड मीच होते. उषाला म्हटलं, "तू पुढं बस," आन् मी मागं कॅरिअरवर.

दुकानदार ओरडला, "अहो मावशी, ते बॅगा ठेवायचं कॅरिअर हाय!"

"मंग मला बॅग समजा!"

उषानं रस्त्यावर एक चक्कर मारली. दुकानदार सगळा वेळ डोक्याला हात लावून उभा. माघारी येऊन बघितलं तर कॅरिअरचा बोल्ट वाकलेला. सायकल मात्र ताठ.

"हीच द्या," म्हटलं. "बोल्ट तेवढा जाड लावा."

*

शेजारची सुमनबाई म्हणाली, "स्कुटी घेऊन द्यायची! लेकराला इतकी तकलीफ काहून?"

उषा म्हणाली, "काकू, स्कुटीवर समुद्र लवकर येईल."

"मंग चांगलंच की!"

"पण लवकर आला तर लवकर घरी बी यावं लागंल ना!"

सुमनबाई तोंडाला पदर लावून हसली. सासुरवास बघितलेली बाई, पोरीचं म्हणणं तिला बराबर कळलं.

*

मंग तिघी पोरी निघाल्या, आन् एका दुपारी घाटातून उषाचा फोन. "आई, मोडली गं!"

मी ओरडले, "काय मोडलं? हात का पाय?"

"न्हाई गं, सायकलची दांडी. खड्ड्यात आदळले."

"आन् तू?"

"मी बरी हाय. चहा पिऊन राहिले."

जीव भांड्यात पडला आन् त्याच दमात तोंड सुटलं, "भवाने, आधी माणसाचं सांगावं, मंग लोखंडाचं!"

तिथल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या जोडणाऱ्या माणसानं हँडलजवळ वेल्डिंगची चांगली जाड गाठ घालून दांडी जोडून दिली. पोरगी पुढं निघाली. मी ह्यांना सांगितलं तर "मी म्हटलं होतं" एवढंच बोलले. पण ताटातली भाकर तशीच ठेवून उठले.

*

काल दुपारी उषा समुद्र बघून घरी आली. उन्हानं काळी ठिक्कर, पण दात सगळे दिसून राहिले. मी भाकरतुकडा ओवाळून टाकला, तिचे पाय धुतले, पोटभर शिव्या दिल्या आन् मंग रडले. हे ओसरीवरून उठले बी न्हाईत. "आली का," एवढंच. पोरगी जेवली आन् आडवी झाली.

दिवस कलताना बाहेर बघते तर हे अंगणात बसलेले. पुढं सायकल, बाजूला वाटीत हळद आन् तूप. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचा खांदा मळतात ना, तसं हे त्या वेल्डिंगच्या गाठीवर बोटानं हळूहळू चोळून राहिले.

मी म्हटलं, "आवं, हे काय करून राहिले?"

ह्यांनी मान बी वर केली न्हाई.

"खांदा दुखत आसंल हिचा."