ताटावरची भीती

करीम मास्तर दोन घास खाऊन थांबत आणि डावा तळहात छातीवर ठेवून काहीतरी ऐकल्यासारखं करत. निजामी अमलात नळदुर्गच्या शाळेत ते उर्दू शिकवत, मी गणित. दुपारी आम्ही बरोबर जेवायचो. पहिल्याच दिवशी त्यांचा चेहरा पांढरा पडलेला पाहून मी घाबरून उठलो. ते म्हणाले, "बसा गुरुजी. एक ठोका चुकला. कुठं जातोय, येईल माघारी."

थट्टा वरवरची होती. त्यांचे वडील जेवता जेवता ताटावरच गेले होते, भाकरीचा तुकडा हातात तसाच. मास्तरांच्या घशाशी जेवल्यावर आंबट येई, पोट तट्ट फुगे आणि छातीत मासा उलटावा तसं होई. "मौत माझ्या ताटात बसलीय," असं ते म्हणत.

हकीमसाहेबांनी नाडी पाहिली, पोट दाबलं. "दिल ठीक आहे, मास्तर. खालचा मेदा, म्हणजे जठर, फुगून त्याला ढोसतो, म्हणून ते बिचकतं. थोडं थोडं खा, जेवून लगेच आडवे होऊ नका."

मास्तरांना ते पटलं नाही. त्यातच रमजान आला. रोज्यात दिवसभर छाती शांत राहते, हे पाहून ते हरखले. मग रोजा सोडतानाही नुसतं खजूर-पाणी घेऊ लागले. महिना सरता सरता भिंत धरून चालायची वेळ आली.

ईदला मी त्यांच्या घरी गेलो. पुढ्यात शीरखुर्म्याची वाटी निवत होती. मास्तर वाटीकडे बघत म्हणाले, "आज रोजा धरणं हराम हाय, गुरुजी. आन् खाल्लं तर..."

त्यांच्या पत्नी हमीदाभाभी कडाडल्या, "मरायचंच तर पोटभर खाऊन मरा! उपाशी मेलात तर लोक मला नावं ठेवतील."

ते घोटभर प्यायले. मानेवरची शीर उडू लागली, मध्येच थांबली, पुन्हा उडाली. हकीमसाहेब चुकले असतील तर? भाभींनी त्यांना ताठ बसवून धरलं. बऱ्याच वेळानं मोठी ढेकर आली आणि शीर हळूहळू संथ झाली.

त्यानंतर ते पुष्कळ वर्षं जगले. गेल्या महिन्यात तापानं गेले. तेव्हापासून मला ती ईदच आठवते. "भीती गेली का?" मी विचारलं होतं.

"न्हाय, गुरुजी," रिकामी वाटी भाभींपुढं धरत ते म्हणाले, "पर भूक लई लागलीय."