मठाचं ठेंगणं दार

दर्यापूरकडे माझं आजोळ. तिथल्या मठाने माझ्या कपाळावर जितकी टेंगळं आणली, तितकी शाळेत मास्तरांनीही आणली नाहीत.

मठ काळ्या दगडाचा. पुढे सागवानी खांबांचा सभामंडप, बाजूला धुनीची खोली आणि मधोमध मूळ स्वामींच्या समाधीचा गाभारा. गाभाऱ्याचं दार चार फुटांचं, मी सहा फुटांचा. बाकीचं गणित सांगायला नको. दरवर्षी पुण्यतिथीच्या उत्सवाला मी अकोल्याहून, जठारपेठेतल्या घरून जातो आणि दर्शनाआधीच कपाळावर प्रसाद घेतो.

जन्मभर मी घरांचे नकाशे काढले. त्यामुळे विश्वस्तांनी ‘दार मोठं करता येईल का?’ असं विचारलं, तेव्हा उत्तर द्यायच्या आधी मी खिशातून टेप काढला. साडेसहा फुटांची चौकट आखली. जरा जास्तच होती. कपाळाचा सूड म्हणा.

अडचण एकच, मठाधिपती महाराज. नव्वदीला टेकलेले, पाठीला कुबड, कमरेतून काटकोनात चालणारे. जुन्या दगडाला ते कुणाला हात लावू देत नसत. पण सोमवारी त्यांचं मौन असतं. ‘सोमवारीच विचारू,’ ही अक्कल माझी. त्यांच्यापुढे नकाशा पसरून आम्ही सगळं सविस्तर सांगितलं. महाराज माळ ओढत राहिले. ‘नाही म्हणाले नाहीत,’ असं आम्ही एकमेकांना बजावलं आणि चहा प्यायलो.

मंगळवारी सकाळी गवंडी छिन्नी-हातोडा घेऊन आला, तर महाराज नेमके त्या उंबरठ्यावर आसन टाकून जपाला बसलेले. जपाला बसलेल्या माणसाला आमच्याकडे कुणी उठवत नाही, आणि ओलांडणं तर पापच. दहा वाजले, अकरा वाजले. एक माळ संपली की दुसरी सुरू. गवंड्याने पंगतीत वरण-भात चापला आणि खांबाला टेकून घोरायला लागला. माझा मात्र पारा चढला.

“महाराज,” मी शेवटी म्हटलंच, “लोकायचे डोके फुटून राहिले. दार मोठं केलं तं काय बिघडते?”

त्यांनी माळ थांबवली.

“बाप्पा, तू अमरावती-अकोल्यात एवढे दारं काढले. त्या साऱ्या दारातून लोक ताठ जाते, मी एकटाच वाकून. या एका दारातून सारे माह्यासारखे जाते. तेवढं बी तुले पाहवत नाही काय?”

मला लाज वाटली, कान गरम होईपर्यंत. लहानपणापासून मी त्यांना पाहत आलो होतो. ते कुबड त्यांना कधी मनातून बोचत असेल, असं मला एकदाही वाटलं नव्हतं.

गवंड्याला उठवून घरी पाठवलं. विश्वस्तांना गंभीर चेहऱ्याने सांगितलं, की सगळा घुमट त्या चौकटीच्या दगडावर तोललेला आहे, हात लावाल तर डोक्यावर येईल. धादांत खोटं! पण नकाशेवाला बोलतोय म्हटल्यावर कोण वाद घालणार? वर उपाय म्हणून तिथल्याच कापसाची एक लांबट उशी भगव्या कापडात शिवून चौकटीला बांधली. महिनाभरात बायका त्या उशीला हळदीकुंकू वाहू लागल्या. आता ती काढायचीही सोय राहिली नाही.

यंदाच्या उत्सवात मी महाराजांच्या मागोमाग दारात शिरलो. ते त्यांच्या नेहमीच्या चालीने, मी कमरेतून मोडून. आत पाऊल टाकता टाकता त्यांनी मान वळवली. माझा चेहरा त्यांच्या चेहऱ्यासमोर आला होता. ते बोळक्या तोंडाने हसले.

“आता कसा माह्या बराबरीचा दिसून राहिला!”