एकशे पासष्ट की दोनशे पाच

माझी आत्या कवळ्या करायची. दातांच्या एका डॉक्टरांच्या दवाखान्यामागे तिची लहानशी खोली होती. खिडकीखाली लांब टेबल, त्यावर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले, मेणाचा वास आणि कोपऱ्यात गुरगुरणारं पॉलिशचं यंत्र. घरात सगळे तिला कवळीवाली म्हणायचे आणि तिला ते आवडायचं. रस्त्यात कुणी मनमोकळं हसलं की ती मला कोपरानं ढोसायची. "बघ, वरचे माझे आहेत."

डॉक्टरांकडे एक जुनी स्पोर्ट्स कार होती. दोनच माणसांची, बसकी, लांब नाकाची, उन्हानं विटलेल्या हिरव्या रंगाची. डॉक्टरांची कंबर धरायला लागली तेव्हा तिच्यातून उतरताना त्यांना दाराला धरून थोडा वेळ विचार करावा लागे. दवाखाना बंद करायचं ठरल्यावर ते सहज म्हणाले, "खुर्ची, कपाटं जातील कुणाकडे तरी. गाडीचं काय करावं?"

"मी घेते," आत्या म्हणाली.

आतोबांना हे कळलं ते गाडी दारात उभी राहिल्यावर. ते पाण्याच्या खात्यातून निवृत्त झाले होते, नोकरीभर घरोघरी मीटर वाचत पायी हिंडलेले. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली. "अगं, या वयात लोक उठायला सोपी खुर्ची घेतात."

"मग तुम्ही घ्या खुर्ची. मी ही चालवते."

आत्या चालवायचीही बरी. पण एका पावसाळी सकाळी बाजाराच्या वळणावर गाडीचं मागचं अंग आपल्या मनानं एकीकडे निघालं. आत्यानं कसंबसं सावरलं. शेजारी बसलेल्या आतोबांनी डोळे मिटले होते, ते घर आल्यावरच उघडले. त्याच दिवशी ती टायरवाल्याकडे गेली. त्यानं टायरमध्ये नख रुतवून बघितलं. रुतलं नाही.

"ताई, हे रबर नाही राहिलं, लाकूड झालंय. नक्षी शाबूत आहे म्हणून फसू नका. चारही बदला." मग त्यानं विचारलं, "रुंदी कुठली घालू?"

आत्याला वाटलं होतं, टायर म्हणजे टायर. त्याला रुंदी असते आणि ती आपण निवडायची असते, हे तिच्या गावीही नव्हतं. ती विचार करून सांगते म्हणाली आणि घरी आली. तिथे विचार करायला सगळे तयारच होते.

रविवारी लेक आणि जावई जेवायला आले. जावई विमा कंपनीत होता, पण त्याचा जीव गाड्यांत. स्वतःकडे गाडी अशी एक साधी, चार दारांची, पण बोलायला लागला की वाटावं शर्यतीतून नुकताच उतरलाय.

"आई, दोनशे पाच. त्याच्या खाली शोभा नाही. आत्ता मागून बघितलं तर सायकलची चाकं वाटतात."

"मला मागून बघायचंच नाहीये. मी आत बसणार आहे."

"रुंदच बरं," आतोबा म्हणाले. "रुंद बाकावरून माणूस पडत नाही."

"कारखान्यानं एकशे पासष्ट दिले होते, तेच घालायचे," आत्यानं निकाल दिला. "ज्याची कवळी त्याच्याच तोंडाला बसते."

विषय मिटला असं तिला वाटलं. पण पुढच्याच आठवड्यात तिचा वाढदिवस होता. सकाळी जावई भाड्याच्या टेम्पोतून आला. मागे चार चकचकीत चाकं, त्यांवर दोनशे पाच मिलिमीटर रुंदीचे कोरे टायर. स्वतः शोधून, हौसेनं आणलेले. जावयानं आणलेली भेट, परत कशी करणार? चाकं त्याच दुपारी चढली.

गाडी दिसायला लागली झकास, हे मान्य करायला हवं. आत्यासुद्धा दोनदा भोवती फिरून आली. अंगणात उभी असली की गाडी दंड थोपटून उभी आहेसं वाटे.

चालवायला बसलं की मात्र वेगळं. त्या काळच्या गाडीला स्टिअरिंग हलकं करणारी कुठलीच सोय नव्हती. बारीक चाकांवर ते सहज फिरायचं. आता उभ्या गाडीत वळवायचं म्हणजे विहिरीचा रहाट ओढण्यातला प्रकार. रस्त्यावर पाइपासाठी खणून बुजवलेले चर होते, गाडी त्यांच्या मागे मागे जायची. आत्या एकीकडे वळवतेय आणि गाडी चराचं ऐकतेय. शिवाय खड्ड्यातून जाताना किंवा पुरतं वळवल्यावर पुढून घर्र असा आवाज यायचा. एकदा मी तिच्याबरोबर होते. अरुंद गल्लीत गाडी उलटी फिरवताना ती इतकी घामाघूम झाली की समोरच्या फुलवाल्यानं विचारलं, "धक्का देऊ का?"

"बंद नाही पडलेली," आत्या दात आवळून म्हणाली, "वळतेय."

तरी घरी अळीमिळी गुपचिळी. रात्री खांद्याला मलम चोळायची आणि लेकीनं फोनवर विचारलं तर वयाचं कारण सांगायची. "अगं, हौसेनं आणलेत त्यानं. त्याचं मन का मोडायचं?"

मन मोडायचं काम आतोबांनी केलं. पुढच्या एका रविवारी जावयानं जेवता जेवता विचारलं, "काय आई, चिकटून चालते ना आता?"

"चिकटते की."

"मडगार्डला," आतोबा म्हणाले.

जावयाचं तोंड उतरलं. "घासत असेल तर आई बोलल्या असत्या."

"ती कसली बोलते. रोज मलम लावते."

"आई, खरं सांगा."

आत्या उठली आणि तिच्या पेटीतून निळ्या कागदाच्या पट्ट्या घेऊन आली. कवळी करताना हा कागद लागतो: माणसाला त्यावर चावायला लावायचं, जिथे निळं उमटेल तिथे दात उंच आहे असं समजायचं. तिनं त्या पट्ट्या पुढच्या मडगार्डच्या आत मेणानं चिकटवल्या आणि किल्ली जावयाच्या हातात दिली. "मी सांगण्यापेक्षा तुम्हीच बघा."

शेजारी वजन म्हणून आतोबांना बसवलं. दोघं गल्लीच्या टोकापर्यंत गेले, गतिरोधकावर गचके खाल्ले, गाडी उलटी फिरवली आणि परत आले. जावई उतरला तेव्हा त्याच्या बाह्या वर होत्या आणि कपाळावर घाम. टायरच्या कडेला निळा पट्टा उमटला होता. त्यानं त्यावरून बोट फिरवलं, बोट निळं झालं.

"कवळीत असं आलं तर तुम्ही काय करता?"

"दात घासून कमी करते."

जावयाच्या चेहऱ्यावर जरा आशा दिसली. "मडगार्ड थोडं घासून..."

आत्यानं त्याच्याकडे नुसतं बघितलं. तो म्हणाला, "नको, नको. बरोबर आहे."

दुसऱ्या दिवशी आत्या जिंकलेल्या थाटात, मूळची बारीक चाकं घेऊन टायरवाल्याकडे गेली. मीही होते. "एकशे पासष्ट घाला."

तो मान खाजवू लागला. "ताई, त्या मापात माझ्याकडे फक्त मालवाहू गाड्यांचे येतात. टणक असतात, ओल्या रस्त्यावर धरणार नाहीत. याच चाकांवर एकशे पंच्याऐंशी बसतील. रबर मऊ आणि टायर जरा बुटका, म्हणजे चाकाची एकूण उंची जवळपास तेवढीच राहील."

"कारखान्यापेक्षा तुम्हाला जास्त कळतं का?"

"नाही हो. पण कारखान्यानं त्या वेळी मिळत होते त्यातले चांगले घातले असतील ना? आज मिळतात त्यातले चांगले हे आहेत."

आत्या बराच वेळ वाद घालत होती. कवळीचा दाखला दोनदा देऊन झाला. शेवटी तो कंटाळून म्हणाला, "एक फेरी मारून या. नाही पटलं तर उतरवून घेतो."

निळ्या पट्ट्या लावून आम्ही निघालो. टेकडीचा रस्ता सकाळच्या सरीनं ओला होता. पहिल्या वळणावर आत्या जपून होती, दुसऱ्यावर जरा कमी, तिसऱ्यावर तिनं मला म्हटलं, "घट्ट बस." स्टिअरिंग दोन बोटांनी फिरत होतं. गाडी सांगितलेल्या जागी जात होती आणि तिथून हलत नव्हती. माथ्यावर उतरून आम्ही टायर बघितले. निळ्याचा ठिपकाही नाही.

आत्या खाली वाकून बघतच राहिली. मग उठली, गुडघ्यावरचा चिखल पुसला. "माझंही चुकलंच म्हणायचं. घरी बोलू नकोस."

आणि घरी पोचल्यावर चपला काढायच्या आधीच तिनं स्वतः आतोबांना सगळं सांगितलं.

रुंद चाकं जावयाच्या बाल्कनीत जाऊन पडली. लेकीला वाटलं, तो ती विकेल. तो महिनाभर त्यांना पुसत राहिला, आणि एक दिवस नाल सापडली म्हणून घोडा घ्यावा तशातली गत झाली: कुठल्याशा गोदामातून त्याच जातीची, बिनचाकांची, निम्मी गंजलेली गाडी घेऊन आला. लेकीनं आईला फोन केला. "हे तुझ्यामुळे झालंय." पुढे काही दिवस मायलेकी आतोबांमार्फतच बोलत होत्या.

मडगार्ड त्यानं आपल्या गाडीचं घासलंच. आता सुट्टीच्या सकाळी सासू पुढे आणि जावई मागे असे दोघं टेकडीवर जातात. पूर्वी त्या दोघांचं बोलणं "जेवलात का" आणि "हो, जेवलो" एवढंच असायचं. आता फोनवर तासभर ब्रेकच्या तेलाबद्दल चालतं आणि लेक शेजारी बसून ऐकते.

एकदा माथ्यावर त्यांनी गाड्या बदलल्या. जावई आत्याची चालवून आला आणि दार लावलं.

"फारच हलकी आहे," तो म्हणाला. "माझीच बरी."

"बरोबर," आत्या म्हणाली आणि पिशवीतून मलमाची डबी काढून त्याच्याकडे दिली. त्यानं ती घेतली.